आधीचे पार पडले तरच पुढचे

ठाणे जिल्ह्यासाठी भारतीय हवामान विभाग पावसाळ्यात जो पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा देतो आणि ज्यावरून ठाणे शहरातील नौपाड्यातल्या घराघरांत उद्या शाळा भरणार की नाही याची चर्चा सुरू होते, त्याच्या मुळाशी असलेले गणित एका दमात होत नाही. उपग्रह, रडार, विमाने, जहाजे आणि जमिनीवरील वेधशाळा यांच्याकडून आलेली निरीक्षणे आधी गोळा करून तपासावी लागतात. मग ती आधीच्या अंदाजाशी ताडून वातावरणाची आत्ताची स्थिती शक्य तितकी अचूक ठरवावी लागते, आणि या टप्प्याला शास्त्रज्ञ 'डेटा असिमिलेशन', म्हणजे समायोजन, म्हणतात. त्यानंतरच वातावरणाचे गणिती प्रारूप, म्हणजे मॉडेल, पुढच्या दिवसांकडे धावू लागते. आणि शेवटी त्यातून निघालेल्या आकड्यांच्या ढिगातून पाऊस, वारा व तापमान यांचे नकाशे काढले जातात, जे पाहून आणि रडारवरील ताजी चित्रे शेजारी ठेवून हवामानतज्ज्ञ इशाऱ्याचा रंग ठरवतात. या चार कामांपैकी प्रत्येक काम आधीच्या कामाच्या फळावर जगते. समायोजन अर्धवट राहिले असताना मॉडेल सुरू झाले, तर ते थांबत नाही. चुकीच्या स्थितीपासून निघून ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा अंदाज काढते, आणि धोका नेमका तिथेच असतो.

अशा एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांना संगणकाच्या परिभाषेत अवलंबित बॅच जॉब म्हणतात, आणि 'हे झाल्याखेरीज ते सुरू करू नये' ही अट मोठ्या संगणकसंचाला कमांड लाइनवरून, म्हणजे खिडक्या आणि बटणांविना केवळ टंकलिखित आज्ञांनी, कशी सांगितली जाते हा या लेखाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचा गाभा संगणकाचा नाही. कोणते काम कशानंतर यावे हे सांगणे सोपे असते. आधीचे काम कोणत्या अवस्थेत संपले असता पुढचे सुरू व्हावे हे नेमके सांगणे अवघड असते, आणि साखळीचे यश बहुधा या दुसऱ्या गोष्टीवरच ठरते.

महाराष्ट्रात या विषयाची मुळे खोल आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा संशोधकाने आपला कार्यक्रम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपात द्यायचा, यंत्राने तो आपल्या पाळीने चालवायचा आणि संशोधकाने नंतर येऊन छापील निकाल घेऊन जायचा, अशी रीत होती; कामे गठ्ठ्याने दिली जात म्हणून त्या पद्धतीला 'बॅच' हे नाव पडले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. पुढे २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहाच्या संगणन संशोधन प्रयोगशाळेतील 'एका' हा महासंगणक जगातील ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म आणि खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या कामासाठी परम रुद्र अशी यंत्रे आली. पुण्यातील पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'अर्क' या महासंगणकाचे उद्घाटन झाले, ज्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. आधीच्या 'प्रत्यूष' या महासंगणकावर ज्या अंदाजाला दहा तासांपर्यंत लागत, तो अर्कावर चार तासांत निघतो, असे तेव्हा सांगण्यात आले होते. याच अर्काच्या बळावर २६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही ६ किलोमीटर विभेदनाची, म्हणजे मॉडेलच्या जाळीतील शेजारच्या बिंदूंमध्ये तेवढे अंतर असलेली, प्रणाली सुरू झाली.

या आकड्यांवरून महासंगणक म्हणजे एक अजस्र यंत्र असा ग्रह होतो, पण प्रत्यक्षात तो शेकडो ते हजारो स्वतंत्र संगणकांचा, अतिवेगवान जाळ्याने जोडलेला समूह असतो आणि त्याला क्लस्टर म्हणतात. त्यातील प्रत्येक संगणकाला नोड असे नाव आहे. वापरकर्ता यांपैकी एका लहानशा दारातल्या नोडवर, म्हणजे लॉगिन नोडवर, पोहोचतो, आणि त्यासाठी त्याने पाषाणला जाण्याची गरज नसते. परवानगी असेल तर नौपाड्यातल्या घरातील साध्या लॅपटॉपवरूनही हे जमते. मात्र लॉगिन नोडवर मोठे गणित चालवणे हा क्लस्टरवरील सर्वांत मोठा असभ्यपणा मानला जातो, कारण त्या दारातून इतरांनाही ये-जा करायची असते. मोठे काम रांगेत लावायचे असते आणि रांग सांभाळणारा एक कार्यक्रम असतो, ज्याला शेड्युलर म्हणतात. कोणाला किती नोड, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने मिळावेत, हे तो ठरवतो. अमेरिकेतील नासाच्या एम्स केंद्रात १९९१ मध्ये सुरू झालेला पीबीएस, तसेच लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेला स्लर्म, हे त्यांतील दोन प्रसिद्ध शेड्युलर होत. परम मालिकेतील अलीकडच्या यंत्रांवर स्लर्मचाच वापर रूढ आहे, म्हणून पुढील उदाहरणे त्याचीच घेतली आहेत. आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात; येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

निरीक्षणे तपासण्याचे काम एका लहान फाइलमध्ये लिहिलेले आहे असे समजू. अशा फाइलला स्क्रिप्ट म्हणतात, आणि तिच्या सुरुवातीला किती नोड हवेत व जास्तीत जास्त किती वेळ लागेल हे नमूद केलेले असते. ती रांगेत लावण्यासाठी 'एसबॅच निरीक्षण.एसएच' एवढी आज्ञा पुरते, आणि त्यावर शेड्युलर 'सबमिटेड बॅच जॉब ४१२७' असे एका ओळीचे उत्तर देतो. हा क्रमांक म्हणजे कामाची पावती होय. आता समायोजनाचे काम लावताना 'एसबॅच --डिपेन्डन्सी=आफ्टरओके:४१२७ समायोजन.एसएच' असे टंकायचे, म्हणजे ४१२७ हे काम यशस्वीपणे संपल्यावरच हे सुरू करावे अशी अट कामाला चिकटते. या दुसऱ्या कामाला समजा ४१२८ हा क्रमांक मिळाला, तर मॉडेलच्या कामाला आफ्टरओके:४१२८ अशी अट लावायची, आणि अशा रीतीने चारही कामे काही सेकंदांत रांगेत लावून वापरकर्ता संगणक बंद करून झोपायला मोकळा होतो. क्रमांक हाताने उतरवून घेताना चूक होऊ नये म्हणून '--पार्सेबल' हा पर्याय आहे, ज्यामुळे शेड्युलर वाक्याऐवजी नुसता क्रमांक देतो आणि तो पुढच्या आज्ञेत आपोआप भरता येतो. चार कामांना याची गरज भासत नाही, चाळीस कामांना याखेरीज गत्यंतर नसते.

येथे असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे की, एवढी खटपट करण्यापेक्षा घड्याळ लावून का भागत नाही? जगभरातील मुख्य निरीक्षणे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या शून्य वाजता, म्हणजे भारतातील पहाटे साडेपाच वाजता, घेतली जातात. तेव्हा पहिले काम सातला, दुसरे आठला आणि तिसरे नऊला असे वेळापत्रक बांधता येईल. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे तसे चालतही असते आणि बहुतेक दिवस निभावून जाते. मात्र ज्या दिवशी वादळी हवामानामुळे निरीक्षणांचा लोंढा मोठा असतो, किंवा क्लस्टरवर गर्दी असल्याने पहिले काम उशिरा सुरू होते, त्या दिवशी आठच्या ठोक्याला दुसरे काम अपुऱ्या फाइलवर तुटून पडते. म्हणजे अंदाजाची सर्वाधिक गरज असलेल्या दिवशीच साखळी तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. सहकारी बँकांतील दिवसअखेरच्या हिशेबांनाही हाच नियम लागू पडतो, कारण व्यवहारांची जुळवणी होण्याआधी व्याजाची आकारणी झाली तर सकाळी शाखेत काय होईल हे सांगायला नको.

अटींचे प्रकार थोडे आहेत, पण त्यांतील फरक काळजीने समजून घेण्यासारखा आहे. 'आफ्टर' म्हणजे आधीचे काम सुरू झाल्यावर; 'आफ्टरएनी' म्हणजे ते कसेही संपल्यावर, मग ते यशस्वी झालेले असो, फसलेले असो वा मध्येच मारले गेलेले असो; 'आफ्टरओके' म्हणजे ते यशस्वी झाल्यावरच; आणि 'आफ्टरनॉटओके' म्हणजे ते फसल्यावरच. नौपाड्यातील ज्या जुन्या गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाच्या फेऱ्यात आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालील प्रक्रिया, महापालिकेची आराखड्याला मंजुरी, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि सरतेशेवटी भोगवटा प्रमाणपत्र या मार्गावर अर्ज 'निकाली निघाला' आणि अर्ज 'मंजूर झाला' या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे त्यांनी अनुभवलेले असते. फेटाळलेला अर्जही निकालीच निघालेला असतो. आफ्टरएनी ही अर्ज निकाली निघाल्याची अट आहे, आफ्टरओके ही मंजुरीची. आणि घाईत पहिली अट लिहिणारा संशोधक निव्वळ निकाली निघाल्याच्या कागदावर इमारत पाडायला काढतो.

यानंतरचा सापळा अधिक सूक्ष्म आहे, आणि अनुभवी माणसेही त्यात सापडतात. काम यशस्वी झाले हे शेड्युलरला कळते कसे? त्याला निकालातील आकडे वाचता येत नाहीत, नकाशा पाहता येत नाही. प्रत्येक कार्यक्रम संपताना एक लहान आकडा मागे ठेवतो, ज्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे सर्व ठीक आणि शून्याखेरीज काहीही म्हणजे कोठेतरी बिघाड, असा संकेत आहे, आणि शेड्युलरचे सारे ज्ञान या आकड्यावर संपते. आता स्क्रिप्टमध्ये एकाखाली एक अनेक आज्ञा असतात, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर शेवटच्या आज्ञेचा एक्झिट कोड हाच संपूर्ण स्क्रिप्टचा एक्झिट कोड ठरतो. समायोजनाच्या स्क्रिप्टमध्ये तिसऱ्या ओळीवरचा मुख्य कार्यक्रम डिस्कवर जागा संपल्यामुळे कोसळला, आणि अखेरच्या ओळीवर 'इको काम झाले' अशी, केवळ दोन शब्द उमटवणारी निरुपद्रवी आज्ञा असली, तर ती आज्ञा हमखास यशस्वी होते, स्क्रिप्ट शून्य परत करते, शेड्युलर नोंदवहीत 'कम्प्लीटेड' असे लिहितो, आफ्टरओकेची अट पुरी होते आणि मॉडेल अर्धवट फाइलवर दिमाखात सुरू होते. अट अचूक लिहूनही ती निष्प्रभ ठरते, कारण जिच्यावर ती उभी आहे ती ग्वाहीच खोटी असते.

यावरचा उपाय किरकोळ भासतो, पण त्यावाचून साखळीला अर्थ नाही. स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट -ई' ही ओळ लिहिली की कोणतीही आज्ञा फसताच स्क्रिप्ट तेथेच थांबते आणि बिघाडाचा आकडा वर कळवते. एका आज्ञेचे फलित दुसरीला थेट पुरवले जात असेल तर 'सेट -ओ पाइपफेल' हीही जोड लागते, अन्यथा पहिलीचे अपयश दुसरीच्या यशाखाली झाकले जाते. तरीही एक उणीव उरतेच, ती अशी की कार्यक्रम बिनबोभाट संपतो पण त्याने काढलेली उत्तरे निरर्थक असतात. त्यासाठी जाणकार मंडळी कामाच्या अखेरीस एक छोटी तपासणी जोडतात: अपेक्षित फाइल अस्तित्वात आहे का, तिचा आकार संभाव्य मर्यादेत आहे का, तापमानाचे आकडे पृथ्वीवर शक्य असलेल्या कक्षेत आहेत का, आणि यांपैकी काही चुकले तर स्क्रिप्ट मुद्दाम एक हा आकडा परत करून स्वतःला नापास ठरवते.

अर्थात आफ्टरएनी ही अट नेहमीच निष्काळजीपणाची खूण नसते. क्लस्टरवर एका कामाला सलग किती तास मिळतील याची कमाल मर्यादा असते, आणि रेणूंच्या हालचालींचे किंवा दीर्घकालीन हवामानाचे गणित त्या मर्यादेत पुरे होत नाही. म्हणून कार्यक्रम ठराविक अंतराने आपली अवस्था डिस्कवर नोंदवून ठेवतो आणि पुढील काम त्या नोंदीपासून सुरू होते. येथे पहिले काम वेळ संपल्यामुळे मारले जाणे हाच अपेक्षित शेवट असतो, स्लर्म त्याची गणना यशात करत नाही, आणि आफ्टरओके लिहिल्यास साखळी पहिल्याच कडीवर थबकते. म्हणजे अट कोणती हे कामाचा स्वभाव पाहून ठरवावे लागते, सवयीने नव्हे.

थबकलेली साखळी ओळखता येणे हेही तितकेच महत्त्वाचे. 'एसक्यू' या आज्ञेने आपल्या कामांची यादी दिसते, आणि थांबलेल्या प्रत्येक कामापुढे कंसात कारण असते: 'रिसोर्सेस' म्हणजे नोड मोकळे नाहीत, 'प्रायॉरिटी' म्हणजे इतरांचा नंबर आधी आहे, 'डिपेन्डन्सी' म्हणजे आधीचे काम अजून संपलेले नाही. मात्र 'डिपेन्डन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' असे दिसले की आधीचे काम फसलेले असून अट आता कधीही पुरी होणार नाही असे समजावे. नेहमीच्या मांडणीत असे काम आपोआप निघून जात नाही, ते 'एसकॅन्सल'ने काढेपर्यंत रांगेत तसेच पडून राहते, आणि नवखा वापरकर्ता दोन दिवस आपला नंबर लागण्याची वाट पाहत बसतो.

साखळी नेहमी सरळ असेलच असे नाही. भारतीय हवामान विभागाने जून २०१८ पासून जो समूह-अंदाज सुरू केला, त्यात सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून एकच मॉडेल २१ वेळा चालवले जाते, कारण २१ पैकी किती धावांत मुसळधार पाऊस दिसतो यावरून शक्यतेचा अंदाज बांधता येतो. अशा सारख्या कामांना २१ वेगळ्या आज्ञा द्याव्या लागत नाहीत. 'अ‍ॅरे' या पर्यायाने ती एकाच क्रमांकाखाली लावता येतात आणि सर्वांची बेरीज करणारे काम त्या एका क्रमांकावर अवलंबून ठेवता येते.

फाटे याहूनही वाढले की एकेक आज्ञा टंकण्याची पद्धत अपुरी पडते. पुण्याच्या आयुका संस्थेतील 'सारथी' हा संगणकसंच गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणासाठी वापरला जातो, आणि त्या क्षेत्रात विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून घडलेली एचटीकॉन्डर ही प्रणाली रूढ आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर नोंदली गेली, तेव्हाच्या एका शोधात संभाव्य लहरींचे सुमारे अडीच लाख नमुने निरीक्षणांशी ताडून पाहिले गेले होते; नमुन्यांशी ताडण्याच्या या पद्धतीच्या उभारणीत आयुकाचे संजीव धुरंधर यांचा वाटा मूलभूत आहे. एवढे काम हजारो तुकड्यांत वाटून पुन्हा एकत्र करायचे, तर कोण कोणाचा जनक आणि कोण कोणाचे अपत्य याची यादीच एका फाइलमध्ये लिहावी लागते. एचटीकॉन्डरमधील डॅगमॅन हा घटक ती वाचतो, आणि त्या फाइलमध्ये 'पेरेंट अ चाइल्ड ब क' अशी एक ओळ लिहिली की अ नंतर ब आणि क ही दोन्ही कामे सुटतात. वंशावळीप्रमाणेच येथेही कोणी स्वतःचाच पूर्वज असू शकत नाही, म्हणजे बाण फिरून पहिल्या कामाकडे येऊन चालत नाहीत. डॅगमॅनचा खरा गुण मात्र अपयशात दिसतो. दहा हजारांपैकी नऊ हजार कामे होऊन साखळी तुटली, तर तो झालेल्या कामांची नोंद असलेली एक 'रेस्क्यू' फाइल मागे ठेवतो, आणि दुरुस्तीनंतर उरलेली कामेच पुन्हा चालतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, कार्यरत झाल्यावर अशा साखळ्यांचा राबता महाराष्ट्रात आणखी वाढेल.

तुकडे पाडण्याला किंमतही असते. स्लर्मच्या नेहमीच्या मांडणीत अवलंबित कामाची रांगेतील ज्येष्ठता त्याची अट पुरी झाल्यापासून मोजली जाते, लावल्यापासून नव्हे. त्यामुळे एका कामाचे वीस तुकडे केले तर गर्दीच्या दिवशी वीस वेळा रांगेच्या शेपटाला उभे राहावे लागू शकते. दुसरीकडे कमी वेळेची मागणी असलेले लहान काम मोठ्या कामांमधील फटीत चटकन बसवले जाते. नोडांची गरज जिथे बदलते तिथेच तोडावे, हा सामान्यतः शहाणपणाचा मार्ग ठरतो: नकाशे काढण्याच्या एका नोडच्या कामासाठी मॉडेलचे शेकडो नोड अडवून ठेवणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, मग त्याने स्क्रिप्ट कितीही सुटसुटीत दिसो.

साखळी निर्दोष असली तरी अंदाज निर्दोष होतो असे नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे. विभेदन १२ वरून ६ किलोमीटरवर आणले की बिंदूंची संख्या चौपट होते, शिवाय काळाची पावले निम्मी करावी लागतात, म्हणून गणित ढोबळमानाने आठपट वाढते. आणि एवढे करूनही ठाण्यातील गोखले रोड, राम मारुती रोड आणि तलावपाळी ही मॉडेलच्या दृष्टीने एकच जागा राहते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरातील कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरातील एवढा फरक आधी पकडणे आजही कठीणच आहे.

ज्या विद्यार्थ्यांना किंवा संशोधकांना क्लस्टरवर अशी साखळी लावायची असेल, त्यांनी खरे काम लावण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी: पहिल्या स्क्रिप्टच्या मधोमध मुद्दाम एक चुकीची आज्ञा घालावी, संपूर्ण साखळी रांगेत लावावी, आणि दुसरे काम खरोखर अडते का ते 'एसक्यू'मध्ये पाहावे. ते सुरू झालेच, तर दोष अटीत आहे की एक्झिट कोडमध्ये, हे शोधून काढल्याशिवाय मॉडेलचे काम रांगेत लावू नये.